सावली पीक खाते काय?

मे महिन्याच्या २२ तारखेच्या आसपास यवतमाळात भर दुपारी एक क्षण असा येतो की, चौकात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःची सावली सापडत नाही. सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली दडते. जुलैच्या विशीत तो पुन्हा तसाच डोक्यावर येतो, पण तेव्हा मध्ये ढगांचे छत असते. मे महिन्यात तेही नसते. पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असतो. माणसे, गुरे, कुत्री, चिमण्या, सगळी सावली धुंडाळत असतात. पिकाला मात्र सावली नको, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे.

‘सावली पीक खाते.’ हे वाक्य धुऱ्यावर ऐकू येते, कृषी केंद्राच्या बाकड्यावर ऐकू येते आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येते. त्याच्या जोरावर विहिरीकाठचे कितीतरी वाफे होळीनंतर ओस टाकले जातात. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी महागली की आपण उन्हाला दोष देतो. लेट्यूससारख्या पाल्याचे नाव काढले तर ‘ते महाबळेश्वरच्या लोकांनी करावे’ असे ऐकून घ्यावे लागते. भाजीपाल्यावर आणि या तापट जिल्ह्यावर माझे प्रेम आहे. म्हणूनच हे मत मला तसेच सोडून देता येत नाही. माझा पक्ष एका वाक्यात सांगतो: यवतमाळच्या उन्हाळ्यात सावली हे ओलिताचेच एक रूप आहे. आता वाचकांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि निवाडा द्यावा.

पूर्वपक्ष असा मांडावा की तो बाळगणाऱ्यानेही मान डोलवावी, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे. तो पाळतो. विरुद्ध पक्षाचे म्हणणे पाच मुद्द्यांचे आहे. एक: प्रकाश हेच पिकाचे अन्न, सावली केली की उपासमार आली. हॉलंडमधले काचगृहवाले तर चोख हिशेब सांगतात की, प्रकाश एक टक्का घटला की उत्पादनही एक टक्क्याने घटते. दोन: बाभळीखाली, कडुनिंबाखाली पीक खुजे राहते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा डोळ्यांदेखतचा अनुभव आहे. तीन: सावलीतली भाजी हा परमुलखातला प्रकार, आपल्या मातीत, आपल्या तापमानात त्याला दाखला नाही. चार: सावलीत ओल टिकते, ओलीत रोग वाढतात. पाच: शेडनेट महाग, आणि मृगाच्या तोंडावरचे एक वादळ ते चिंधड्या करून जाते. यातला एकही मुद्दा पोरकट नाही. प्रत्येकात सत्याचा अंश आहे. पण अंशाला पूर्ण समजणे, हीच तर चूक आहे.

पहिला मुद्दा सर्वांत भारदस्त, म्हणून त्यालाच आधी हात घालू. प्रकाश हे अन्न, हे कबूल. पण किती? पाऊस आपण मिलिमीटरमध्ये मोजतो, तसा पिकाच्या उपयोगाचा प्रकाश मोलमध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर दिवसभरात प्रकाशकणांचा किती पाऊस पडला, त्याचे हे माप. विदर्भात एप्रिल-मेच्या निरभ्र दिवशी ते सुमारे ४५ ते ५० मोल भरते. लेट्यूसला उत्तम वाढीसाठी १२ ते १७ मोल पुरतात. टोमॅटोसारखे खादाड पीकही २० ते ३० मोलांवर चांगले फळते. म्हणजे निम्मा प्रकाश अडवला तरी ताटात पालेभाजीच्या गरजेपेक्षा जास्तच उरतो. हॉलंडमध्ये डिसेंबरच्या दिवशी उघड्या रानावरसुद्धा जेमतेम चार-पाच मोल पडतात. तिथे टक्क्याटक्क्याचा हिशेब ठेवावाच लागतो. पण उपाशी माणसाचे पथ्य अजीर्ण झालेल्याला कोणता वैद्य देतो?

हिशेब इथे संपत नाही. भर दुपारी लेट्यूसच्या एका पानावर जेवढा प्रकाश कोसळतो, त्यातल्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावरच त्या पानाची अन्न बनवण्याची ताकद संपते. दाट, उंच पिकात वरच्या पानांना नको असलेला प्रकाश खालच्या पानांच्या कामी येतो, हे खरे. पण वाफ्यातली कोवळी भाजी म्हणजे जमिनीलगतचा पानांचा एकच थर. उरलेला प्रकाश त्या पानाला अन्न देत नाही, ताप देतो.

या तापाचे पुढे काय होते? हवेतला कार्बन पकडणारे रुबिस्को नावाचे विकर पानात असते. उष्णता वाढली की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन पकडण्याचे प्रमाण वाढते, आणि मग कमावलेल्या कार्बनचा काही भाग पुन्हा हवेत सोडून द्यावा लागतो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. ज्वारी, मका आणि ऊस यांनी यावर तोड काढली आहे. त्यांच्या पानात कार्बन आधी गोळा करून या विकरापाशी दाटीने पोचवण्याची वेगळी सोय असते. पालक, मेथी, सांबार, लेट्यूस, वांगे आणि टोमॅटो यांच्याकडे ती सोय नाही. ज्वारीचा नियम पालकाला लावणे म्हणजे बैलाचा चारा वासरापुढे टाकणे.

आणि पाण्याचे काय? ४४ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट बाष्प सामावू शकते. वैशाखातली आपली कोरडी हवा पानातून पाणी अक्षरशः ओढून घेते. मुळाशी ओल असूनही दुपारी दोन वाजता वांग्याची पाने माना टाकतात, ते यामुळेच. जीव वाचवण्यासाठी पान आपली रंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की पाणी जाणे थांबते. पण कार्बन येणेही थांबते, आणि घामाने पानाला मिळणारा गारवाही जातो. वर मात्र सूर्य तळपतच असतो. कारखाना बंद आणि भट्टी चालू! या घटकेला प्रकाश जास्त असल्याचा पानाला फायदा तो कोणता?

विश्वास बसत नसेल तर चैत्र-वैशाखात आपल्याच गच्चीवर जाऊन पाहावे. मुंगवड्या, कुरडया, चिरलेली गवार ही सगळी याच उन्हात दोन-चार दिवसांत खडखडीत वाळते. ज्या उन्हाचा आपण वाळवणासाठी इतका नेमका उपयोग करतो, त्याच उन्हात शेजारच्या वाफ्यातला पालक टवटवीत राहील, ही अपेक्षा कोणत्या तर्कात बसते?

तर्काला प्रयोगाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टुसान शहराजवळ, ग्रेग बॅरन-गॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौर पॅनेलच्या सावलीत आणि उघड्यावर तीच पिके शेजारी-शेजारी घेतली. त्यांचा निबंध २०१९ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात आला. चिल्टेपिन नावाच्या रानमिरचीचे उत्पादन सावलीत तिप्पट झाले. चेरी टोमॅटोचे दुप्पट झाले. जालापेनो मिरचीचे जवळपास उघड्यावरइतकेच राहिले. पण त्यासाठी पानांतून उडालेले पाणी ६५ टक्क्यांनी कमी होते. दर दोन दिवसांनी पाणी दिले तेव्हा सावलीतल्या मातीत पुढच्या पाळीपर्यंत ओल सुमारे १५ टक्के जास्त टिकली. हे हिमालयाच्या पायथ्याचे रान नाही. सोनोरा वाळवंटाचा हा मुलूख आहे. कोरडेपणात तो आपल्या वैशाखाचा सख्खा भाऊ शोभावा. प्रकाश घटला, उत्पादन वाढले. टक्क्याला टक्का हा नियम इथे कुठे गेला?

आता दुसरा मुद्दा: झाडाखालचे खुजे पीक. हा अनुभव मी नाकारत नाही. देशावर त्याला ‘वसवा’ असा स्वतंत्र शब्दच आहे. अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेले अनुमान खोटे आहे. आपल्या नैयायिकांनी या दोषाला शतकांपूर्वीच नाव देऊन ठेवले: उपाधी. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असे म्हणता येत नाही. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले इंधन लागते. ओले इंधन ही तिथली उपाधी. तसेच ‘जिथे सावली तिथे नुकसान’ या विधानातही एक उपाधी लपून बसली आहे, आणि ती म्हणजे झाडाची मुळे. बाभूळ पिकाला नुसती सावली देत नाही. ती त्याच्या तोंडचे पाणीही पळवते. आपण चोराला वर पाहत शोधतो, तो जमिनीखाली असतो.

हे ताडून पाहायला प्रयोगशाळा नको, हरभऱ्याचे वावर पुरे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून दुपारची सावली झाडाच्या उत्तरेला पडते. सकाळी ती पश्चिमेकडे आणि सायंकाळी पूर्वेकडे लांबते. दक्षिणेच्या बाजूला ती जवळजवळ पडतच नाही. मग नुकसान सावलीनेच होत असेल, तर दक्षिणेकडची तासे धडधाकट दिसायला हवीत. वाचकांनी यंदाच्या रबीत धुऱ्यावरच्या एखाद्या जुन्या झाडाच्या दक्षिणेला उभे राहून पाहावे. मुळांच्या पल्ल्यात असलेली तासे त्या बाजूलाही मागे पडलेली दिसतील. सावली नाही, तरी नुकसान आहे. शेडनेटखाली सावली आहे, मुळे नाहीत, आणि तिथे मात्र रोपवाटिका वर्षानुवर्षे उत्तम चालतात. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही एकाच आरोपीकडे बोट दाखवतात. सावली निर्दोष सुटते.

‘पण कापसाचे काय? सावलीतल्या पऱ्हाटीच्या पात्या गळतात ना?’ गळतात. कापूस हे उन्हाचे पीक आहे आणि ते आपण पावसाळ्यात घेतो. जुलै-ऑगस्टच्या ढगांत प्रकाश आधीच निम्म्यावर आलेला असतो. तेव्हा त्यात आणखी कपात केली तर पऱ्हाटी तक्रार करणारच. पण श्रावणातला अनुभव वैशाखाला लागू करायचा कसा? या जिल्ह्याचे सारे शेतीशहाणपण खरिपातल्या कापसाभोवती घडले. त्या शहाणपणाचा मला आदर आहे. ते चुकीचे नाही. ते चुकीच्या महिन्यात वापरले जाते आहे.

तिसरा मुद्दा: आपल्याकडे दाखला नाही. इथे मात्र विरुद्ध पक्षाने आपल्याच घरात नीट पाहिलेले नाही. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी आहे. पलीकडे अकोल्यात अकोट आहे. उन्हाळ्यात हा पट्टा यवतमाळला हार जाणारा नाही. तिथे बारी समाजाच्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पानमळे आणि पानपिंपळी राखली. नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकचे कपुरी पान तर सर्वांना ठाऊक आहे. पानवेल आणि पिंपळी, दोन्ही मुळात दमट, गर्द रानातल्या वेली. त्यांना वऱ्हाडच्या उन्हात कसे जगवले? शेवरी-पांगाऱ्याची विरळ सावली वर, गरम झळा अडवणाऱ्या तट्ट्या कडेने, आणि खाली बेताचे, पण वेळच्या वेळी पाणी. झाडेही अशी निवडली की ज्यांची सावली झिरपती, आणि मुळे स्वतःच जमिनीत नत्र साठवणारी. म्हणजे आपण आज ज्याला ‘शेडनेट तंत्रज्ञान’ म्हणतो, त्याचा जिवंत वस्तुपाठ या लोकांनी कागदावर एक ओळही न लिहिता घालून दिला होता. हळदीच्या सरीकडेला एरंड लावण्याची महाराष्ट्रातली जुनी रीतही त्याच जातीची.

आणि खुद्द यवतमाळ? नैसर्गिक शेतीसाठी २०२५ साली पद्मश्रीने गौरवलेले सुभाष शर्मा याच जिल्ह्याचे. झाड, पाखरू, माती आणि पाणी यांना शेताचे सोबती मानणारा विचार या मातीतही रुजतो, याचा यापेक्षा जवळचा साक्षीदार कोणता हवा?

चौथा मुद्दा रोगांचा. सावलीत ओल टिकते, हे खरे. आणि तेच तर आपल्याला हवे आहे! करपा, केवडा यांसारखे बुरशीजन्य रोग पानावर साचून राहिलेल्या पाण्यावर वाढतात. एप्रिलमध्ये दुपारी तोंडाला कोरड पडते, तिथे पानावर दव किती तास टिकणार? भुरी मात्र वेगळी. तिला मंद उजेड मानवतो, आणि तिच्यावर नजर ठेवावी लागते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण उघड्यावरचे काय? तिथे टोमॅटोवर आणि ढोबळी मिरचीवर उन्हाचे पांढरे चट्टे पडतात, ते सडतात आणि फळ फेकावे लागते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात आणि फुले गळतात. संभाव्य रोगाच्या भीतीने निश्चित नुकसान पत्करणे, याला सावधपणा म्हणत नाहीत.

पाचवा मुद्दा खर्चाचा, आणि यात सर्वांत जास्त तथ्य आहे. २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळ जिल्हा होता आणि त्यात शेडनेटगृहांना अनुदानही होते. पण लोखंडी सांगाड्याचे मोठे शेडनेटगृह दोन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यात नसते, आणि वादळ काही अनुदानपत्र वाचून येत नाही. इथपर्यंत सारे मान्य. मात्र सावली म्हणजे शेडनेटगृह, हे समीकरण कोणी ठरवले? लग्नाचा मांडव घालायला आपल्याला कधी प्रकल्प अहवाल लागला आहे का?

पौष-माघात तूर निघते आणि तुराट्यांचे ढीग धुऱ्यावर पडतात. बांबूच्या चार-सहा मेढींवर त्या विरळ पसरल्या की झिरपती सावली तयार. पऱ्हाट्या मात्र या कामी घेऊ नयेत. त्यांच्या उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून असते, आणि २०१७ साली या अळीने काय केले ते यवतमाळला सांगायला नको. मांडवावर दोडका किंवा कारले चढवले तर छतच पीक देऊ लागते. वादळ आले तर तुराट्या उडतील. उद्या पुन्हा गोळा करता येतील. जाळीच घ्यायची तर ५० टक्क्यांची, शक्यतो पांढरी घ्यावी. हिरवी आपल्या डोळ्यांना गार वाटते, एवढाच तिचा गुण. पानाला हवा असलेला तांबडा-निळा प्रकाश ती जास्त अडवते. सकाळचे ऊन येऊ द्यावे, पश्चिमेचे अडवावे. खरा शत्रू दुपारी बारा ते चार या वेळात येतो.

शिवाय खर्चाचा ताळेबंद मांडताना पाण्याचा रकाना कोरा का ठेवायचा? २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणाऱ्या निळोणा आणि चापडोह या जलाशयांनी तळ गाठला, आणि एकेका टँकरसाठी शहराने काय सोसले ते सर्वांच्या स्मरणात आहे. ज्या जिल्ह्यात पाणी इतके मोलाचे, तिथे पानातून आणि मातीतून उडणारे पाणी वाचवणारी सावली महाग, आणि भर उन्हात पाट सोडणे स्वस्त? हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

विरुद्ध पक्षाचे जेवढे खरे तेवढे मान्य केल्याशिवाय मंडन पुरे होत नाही. म्हणून माझ्या पक्षाच्या मर्यादाही सांगतो. माठ आणि घोळ या आपल्या दोन उन्हाळी भाज्या ज्वारीच्याच पंगतीतल्या आहेत. त्यांच्या पानात ती कार्बनची वेगळी सोय आहे. त्यांना सावलीत कोंबू नये, त्या उन्हातच खुलतात. सावली ७५ टक्क्यांवर नेली तर रोपे लांबुडकी होतात आणि पालक-लेट्यूसच्या पानांत नायट्रेट साचते. त्यात युरियाचा हात सैल असेल तर अधिकच. सावलीने पानाचे आणि मातीचे तापमान उतरते, हवेचे फारसे उतरत नाही, आणि रात्रीचे तर नाहीच. म्हणून मे महिन्यात लेट्यूसचा घट्ट गड्डा धरण्याचा हट्ट करू नये. सुट्या पानांची जात घ्यावी आणि दांडी चढण्याआधी, पाच-सहा आठवड्यांत, खुडून मोकळे व्हावे. २८-३० अंशांच्या वर लेट्यूसचे बी रुजायलाच नकार देते. ते ओल्या फडक्यात बांधून पाण्याच्या रांजणाच्या बुडाशी ठेवावे आणि मोड दिसल्यावर वाफ्यात सोडावे. आणि मृग लागला की मांडव उतरवावा. सावलीलाही ऋतू आहे. तो न ओळखणारा सावलीचा भक्त आणि ‘सावली पीक खाते’ म्हणणारा तिचा वैरी, दोघे सारखेच चुकतात.

युक्तिवाद संपला. आता पुरावा वाचकांनी स्वतःच गोळा करावा. फाल्गुनात विहिरीजवळ सारखे दोन वाफे आखावेत. माती एक, शेणखत एक, पालक-सांबाराचे बी एक, आणि पाणी मापून सारखे. एका वाफ्यावर तुराट्यांचा मांडव घालावा, दुसरा उघडा ठेवावा. एप्रिलच्या मध्याला दुपारी तीन वाजता तिथे जावे. दोन्ही वाफ्यांत बोट खुपसून ओल पाहावी, दोन्हींतले एकेक पान तोडून चावावे, आणि जुड्या बांधून वजन करावे. उघड्या वाफ्याची जुडी जड भरली, तर माझे म्हणणे खोटे ठरले. मग सावलीला खुशाल पीकखाऊ म्हणावे.

मात्र एक अट आहे. तो निवाडा देताना आपण नेमके कोणत्या वाफ्यापाशी बसलो आहोत, तेही एकदा पाहून घ्यावे.